तिसरा सेकंद

आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, नट नाटक पाठ करत नाहीत, हे ऐकून पुण्या-मुंबईची मंडळी हसतात. हसू देत बापडी. दिवाळीपासून होळीपर्यंत आमचा नट आज एका गावात बाप असतो, उद्या दुसऱ्या गावात दरोडेखोर आणि परवा तिसऱ्याच कंपनीत न्यायाधीश. सत्तर-ऐंशी नाटकं पाठ करायला तो काय पोपट आहे? म्हणून आमच्याकडे प्रॉम्प्टर असतो. रंगमंचाच्या पुढच्या कडेला, खोलगट जागेत, प्रेक्षकांकडे पाठ करून बसलेला माणूस. त्याने ओळ द्यायची, नटाने ती उचलायची आणि तिच्यात जीव ओतायचा. टाळ्या नटाला, मच्छर प्रॉम्प्टरला.

मी खुशाल दोनाडकर, राहणार वडसा. एकतीस वर्षं हे मच्छर खाल्ले, आणि त्यातली निम्मी एकट्या होमराज लांजेवारसाठी.

माझे गुरू मुखरूजी म्हणायचे, "पोरा, नट थांबला की मोजाचं. पयला सेकंद नटाचा. त्याचा अभिनय असते तो, त्याच्यात तोंड घालाचं नाई. दुसरा पब्लिकचा, ते श्वास रोखून बसले असतेत. तिसरा आपला. तिसऱ्या सेकंदाले ओळ गेली नाई, त नट मेला आन् त्याचं पाप आपल्या माथी." हे वाक्य माझ्या हाडात इतकं मुरलं, की लग्नाच्या पंगतीत एखादा पाहुणा बोलता बोलता अडला तरी माझे ओठ हलायचे. बायको होती तेव्हा कोपराने ढोसायची.

होमराज आणि मी एका शाळेतले, आमच्या घरांची भिंतही एकच. मी कोरडी ओळ द्यायचो, तो ती ओली करून परत द्यायचा. 'बापाला विसरलास तर विसर, पण बापाने पेरलेलं धान तरी खाऊ नकोस!' ही ओळ मी दिली की कुळीथ चावल्यासारखी वाटायची. तीच त्याच्या तोंडून आली की पुढच्या रांगेतल्या बाया पदर डोळ्यांना लावायच्या. माझा स्वतःचा आवाज चिरका. माझं जे काही बरं बोलणं जगाने ऐकलं, ते होमराजच्या गळ्यातून ऐकलं. याचा मला अभिमान होता. लोभही होता, हे आता कबूल करतो.

मधल्या काळात ते खोलगट जागेत बसणं संपलं. कानात बसवायचं यंत्र आलं, तुरीच्या दाण्याएवढं. आम्ही त्याला दाणाच म्हणतो. एक नटाच्या उजव्या कानात, बाहेरून दिसणार नाही असा, एक माझ्या गळ्याशी. शंभर पावलांच्या आत मी नुसता पुटपुटलो तरी त्याला स्वच्छ ऐकू जातं आणि त्याच्या आसपासचं मला. होमराजला दाणा इतका आवडला की तो दिवसभर कानात ठेवायचा. चहाच्या टपरीवर कोणी आगाऊ माणूस दिसला की मी दूर बसून त्याच्या कानात त्या माणसाची नक्कल करायचो आणि हा गडी गंभीर चेहऱ्याने हसू दाबायचा. साठीला टेकलेले आम्ही दोघं, पण खोड शाळेतलीच.

त्या वर्षी कार्तिकात, टपरीवरच, तो साखर ढवळायला हात पुढे करून थांबला. "ते दे ना बे... ते... हालवाचं."

एक. दोन. "चमचा," मी म्हणालो.

"हं, चमचा." तो हसला. मीही हसलो. रंगमंचावर तो असा किती दिवसांपासून अडत होता, देव जाणे. मला कसं कळावं? त्याची प्रत्येक ओळ मीच देत होतो. मासा भिजला हे कोणी ओळखतं का?

त्याच महिन्यात आमच्या तालमीच्या हॉलपुढे स्मृतिफेरीची गाडी येऊन उभी राहिली. पंचावन्न वर्षांवरच्या सगळ्यांची तपासणी करत ती गावोगाव फिरत होती. सोबत डॉक्टर अश्लेषा गेडाम, कुरखेड्याची मुलगी. उंची बेताची, बोलणं ठाम. तिने तालीम थांबवून आम्हा सगळ्यांना सतरंजीवर बसवलं.

"मेंदूतल्या पेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात," ती म्हणाली. "दोघींच्या मध्ये एक फट असते, केसापेक्षा हजारो पटींनी बारीक. एक पेशी त्या फटीत रसायन सोडते, पलीकडची ते झेलते. या जागेला आपण सांधा म्हणू. आठवण कुठल्या एका पेशीत साठवलेली नसते. कोणता सांधा घट्ट आणि कोणता सैल, यात ती असते." तिचं लक्ष माझ्या मांडीवरच्या नाटकाच्या पानांकडे गेलं. "तुम्ही प्रॉम्प्टर ना काका? मग तुम्हाला सोपं आहे. तुम्ही ओळ देता, नट झेलतो. तसंच."

"आन् नट बहिरा झाला त?" होमराजने विचारलं. सगळे हसले.

डॉक्टर हसली नाही. "तेच होतं. अमायलॉइड नावाच्या प्रथिनाचे बारीक तुकडे मेंदूत रोज तयार होतात, रोज साफ होतात. वय वाढलं की सफाई मंदावते. मग ते तुकडे दोन-दोन, चार-चार, डझनाने एकमेकांना चिकटतात. त्यांचे मोठे थर साचतात, ते फोटोत दिसतात, म्हणून आधी लोकांना वाटायचं की तेच विष. पण जास्त विषारी असतात त्या लहान, तरंगणाऱ्या गुठळ्या. त्या नेमक्या झेलणाऱ्या बाजूवर जाऊन बसतात. मग झेलणारी पेशी हात आखडून घेते. इकडची पेशी जिवंत, तिकडची जिवंत, मधलं बोलणं तेवढं बंद."

"मंग?"

"मग मेंदूतल्या सफाई कामगार पेशी येतात. त्यांना वाटतं, हा सांधा आता कामाचा नाही. त्या तो खाऊन टाकतात."

पेटीवाल्याने उगाच एक पट्टी दाबली आणि सोडली.

तिने पुढचं सांगितलं. आता औषध निघालं होतं. नाकात फवारायचं. ते त्या गुठळ्या सांध्यावरून उचलून नेतं. हात नुसते आखडलेले असतील तर पेशी ते पुन्हा पसरते, महिना-दोन महिन्यांत माणूस पहिल्यासारखा होतो. पण खाल्लेला सांधा परत उगवत नाही. पहिली अडखळ सुरू झाल्यापासून दीड वर्ष, फार तर दोन, तेवढा वेळ दार उघडं. नंतर औषध फक्त पुढची पडझड थांबवतं, पडलेलं उभं करत नाही. आणि रक्तात गुठळ्या तर साठीकडे आलेल्या पुष्कळांच्या सापडतात, सरसकट औषध दिलं तर काहींच्या मेंदूला सूज येते. म्हणून आधी बोलण्याची चाचणी. यंत्र वीस मिनिटं गप्पा मारतं, गोष्ट सांगून परत विचारतं, आणि तुम्ही कुठे किती सेकंद थांबलात ते मोजतं. हिरवा निकाल आला तर घरी जायचं. लाल आला तर रक्त, मग मेंदूचा नकाशा, मग औषध.

म्हणजे ते यंत्रही सेकंदच मोजत होतं. आमची जात एकच.

होमराजची पाळी आली तेव्हा मी विंगेत बसून संध्याकाळच्या नाटकाची पानं लावत होतो. दाणा त्याच्या कानात होता, माझा माझ्या गळ्याशी. देवाशपथ सांगतो, तोवर माझ्या मनात काही नव्हतं. यंत्राने त्याला गोष्ट सांगितली: चंपाबाई नावाची बाई आठवडी बाजारात जाते, सूप, दोरी आणि लाल मिरच्या घेते, येताना तिची चप्पल तुटते. मग इकडचं तिकडचं बोलून यंत्राने विचारलं, "त्या बाईने काय काय घेतलं?"

"सूप," होमराज म्हणाला. आणि थांबला.

एक. दोन.

"दोरी," माझे ओठ म्हणाले.

"दोरी," होमराज म्हणाला.

पहिला शब्द सवयीने गेला. तो मी स्वतःला माफ करतो. पण "लाल मिरच्या" मी जाणून दिल्या, आणि चप्पलही. चंपाबाईचं नाव तर मी अशा ठसक्यात दिलं की त्याने ते हसत हसत म्हटलं. निकाल हिरवा आला. 'वयाच्या मानाने उत्तम.' बाहेर येऊन होमराजने माझ्या खांद्यावर हात ठेवला, पण नजर दिली नाही.

"तू होता म्हनून बे," तो म्हणाला.

"गप. पानं लावू दे," मी म्हणालो.

त्यानंतरचं वर्ष मी त्याला चोवीस तास चालवला म्हटलं तरी चालेल. भिंतीपलीकडे तो जेवायला बसला की त्याच्या कानात मी. मेव्हणीचं नाव, आजचा वार, कालची भाजी. त्याची बायको वनमालावहिनी कौतुकाने म्हणायच्या, "भाऊजी, तालीम त घरीबी सोडत नाई तुमी." मी हो म्हणायचो. रंगमंचावर तो त्या वर्षी जितका चांगला झाला तितका कधीच झाला नव्हता. आता तो स्वतःचा काही विचारच करत नव्हता ना, नुसता माझा शब्द झेलायचा आणि पेटवायचा. लोक म्हणत, होमराज म्हातारपणी बहरला. मला वाटायचं, मीच बहरलो.

पुढच्या कार्तिकात गाडी पुन्हा आली. आदल्या दिवशी दुपारी होमराज माझ्या अंगणात आला. लिंबाखाली बाजेवर बसला. बराच वेळ पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिला. मग त्याने दाणा कानातून काढला आणि तळहातावर घेऊन मला दाखवला.

"खुशाल, उद्या हे काढून जाऊ का?"

मला सगळं समजलं. तो घाबरला होता, आणि घाबरूनही खरं काय ते कळावं म्हणत होता. एवढं धाडस त्याच्या नाटकातल्या एकाही नायकाने केलं नसेल. पण समोर 'लेकीच्या दारचा पाहुणा' हे नवं नाटक होतं, बेचाळीस गावांनी मागितलेलं, आणि त्यात बापाची भूमिका होती जी वाचतानाच माझ्या अंगावर काटा आला होता. लाल निकाल लागला तर हंगामभर तो नागपूरला उपचारात. ती भूमिका कोणीतरी दुसरा करणार, आणि माझे शब्द त्याच्या भसाड्या गळ्यातून जाणार. हे सगळं माझ्या मनात दोन सेकंदांत येऊन गेलं.

"राहू दे," मी म्हणालो.

आयुष्यात मी लाखो ओळी दिल्या असतील. ही सगळ्यात वाईट. आणि होमराजने ती नेहमीसारखीच उचलली. "हं, राहू दे," म्हणाला आणि दाणा परत कानात घातला. दुसऱ्या दिवशी निकाल हिरवा. 'उत्तम.'

हंगाम जोरात गेला. पाऊसकाळ सरला, भाद्रपदात माझी लेक गोंदियाला बाळंत झाली. मी चार दिवस तिकडे गेलो. तिसऱ्या दिवशी सकाळी वनमालावहिनींचा फोन.

"भाऊजी, तुमी आमच्या यायले काई सांगून गेले का?"

"काय?"

"बोलूनच नाई रायले जी. तीन दिवस झाले. रागावले म्हनलं त तसंबी नाई. माह्याकडं पायतेत, तोंड उघडतेत आन् वाट पायतेत. कोनाची वाट पायतेत, सांगा बरं?"

मी पहिली गाडी पकडली.

नागपूरच्या मेंदू केंद्रात डॉक्टर गेडामने होमराजच्या मेंदूचा नकाशा पडद्यावर लावला. सांधे जिथे शाबूत तिथे पिवळा रंग, जिथे नाहीत तिथे काळा. कानांच्या आतल्या बाजूला, जिथे नव्या आठवणी बांधल्या जातात म्हणे, तिथे रात्री दिवे गेलेलं गाव असतं तसं दिसत होतं. होमराज खुर्चीत शांत बसून तो नकाशा पाहत होता, दुसऱ्या कोणाचा असावा तसा. त्याच्या कानात दाणा होता, पण मी गप्प होतो, म्हणून तोही.

"नुसते हात आखडलेले सांधे किती, आणि खाल्लेले किती, यावरून मागचा हिशोब लावता येतो," ती म्हणाली. "दार साधारण आठ महिन्यांपूर्वी बंद झालं."

"मंजे मागच्या कार्तिकात...?" वहिनींनी विचारलं.

"मागच्या कार्तिकात ते उघडं होतं, काकू." डॉक्टरने चष्मा काढून डोळे चोळले. "मीच तपासलं होतं त्यांना. दोनदा. दोन्ही वेळा हिरवा. इतकं नुकसान झालेला माणूस माझ्या चाचणीत पन्नासपैकी अठ्ठेचाळीस मिळवतो, हे होऊच शकत नाही. पण झालं." ती माझ्याकडे वळली. "काका, तुम्ही सतत त्यांच्यासोबत असता. तुम्हाला काही सुचतं का? कसं झालं असेल?"

ती अडली होती. माझ्याकडे बघत होती. एक, दोन, तीन, चार. आयुष्यात पहिल्यांदा समोरचं माणूस अडलं आणि मी ओळ दिली नाही.

"माझंच चुकलं असणार," शेवटी तीच म्हणाली. "यंत्राचं किंवा माझं."

तिने तसा अहवाल वर पाठवला. माणूस सरळ, तिने काही झाकलं नाही. चाचणीवर विश्वास ठेवता येत नाही असं ठरून आमच्या बाजूच्या सगळ्या तालुक्यांतल्या गाड्या बंद झाल्या. चौकशी होईपर्यंत.

औषध तरीही दिलं. महिन्याभरात रक्त स्वच्छ झालं, गुठळ्या गेल्या. आता यापुढे त्याचं काही बिघडणार नाही, पण सुधारणारही नाही. पंधरा-वीस वर्षं तो असाच राहील, असं डॉक्टर म्हणाली. ऐकून वहिनींनी हात जोडले. मला मात्र त्या वीस वर्षांची भीती वाटली.

कारण होमराज आता फक्त दाण्यात जिवंत होता. समोर बसलेला खुशाल त्याला परका. "या, बसा," एवढंही तो म्हणायचा नाही, नुसता नम्रपणे बघायचा. पण कानात माझा आवाज गेला की त्याचा चेहरा फुलायचा आणि जे ऐकलं ते तो त्याच जुन्या गळ्याने, त्याच ओलाव्याने म्हणायचा. ऐकायचं आणि लगेच बोलायचं, ही इतकी वर्षं रुळलेली वाट मेंदूत दुसऱ्या बाजूने जाते, तिथले सांधे वाचले, असं डॉक्टरने सांगितलं. म्हणजे वाचली ती एवढी माझीच वाट.

एके दिवशी वहिनी भाकरी थापता थापता म्हणाल्या, "भाऊजी, यायले माह्याशी बोलाले लावा ना. एकडाव." त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. परातीत बघत होत्या.

मी ओसरीवर जाऊन बसलो आणि गळ्याशी पुटपुटलो, "वना, जेवली का?"

"वना," आत होमराज म्हणाला, "जेवली का?"

परातीवरचा हात थांबल्याचं मला ऐकू आलं. मग वहिनी म्हणाल्या, "नाई जी. तुमी जेवा, मंग मी."

तेव्हापासून हे रोजचं झालं. दोन वेळा जेवणाआधी मी ओसरीवर. दुसऱ्याच्या बायकोला नवऱ्याचं प्रेम मी पुरवत होतो, भिंतीआडून. वहिनींना सगळं माहीत होतं, तरी त्या रोज उत्तर द्यायच्या. त्यांच्याबद्दल मला जितकी माया वाटायची तितकीच स्वतःची किळस. "भाऊजी, तुमी हाव म्हनून हे हायेत," असं त्या म्हणाल्या की मी पायातल्या चपलेकडे बघायचो.

मग माघातल्या एका दुपारी त्या आरमोरीहून आल्या. तिथे त्यांची धाकटी बहीण सुमित्रा राहते, अंगणवाडीत होती, आता घरीच. वहिनींनी पिशवी ठेवली आणि भिंतीला टेकून बसल्या.

"सुमीचं काई ठीक नाई. बोलता बोलता थांबते. चमच्याले 'ते हालवाचं' म्हनते."

माझे ओठ 'चमचा' म्हणून हलले.

"मी म्हनलं, चाल तपासाले. त म्हनते, गाडी बंद हाये. यंत्र खोटं निघालं म्हनतेत, यायच्याच पायी. नागपूरले जा म्हनलं त तिचा नवरा म्हनते, ज्या डॉक्टरनीनं होमराजले ओळखलं नाई ते हिले काय ओळखन." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "तिचंबी दार बंद होईन का जी?"

आता सांगायलाच हवं होतं. मी उभा राहिलो. तोंड उघडलं. "वहिनी..." म्हणालो, आणि पुढे काही येईना. एकतीस वर्षांत मी स्वतःच्या आवाजात, कोणाच्या डोळ्यांत बघून, एकही खरं वाक्य बोललो नव्हतो. वहिनी वाट बघत होत्या. बाजेवर होमराज बसला होता, हात मांडीवर, नेहमीसारखा.

मी भित्रा माणूस. मी तोंड वळवलं आणि गळ्याशी पुटपुटलो.

होमराज उठून उभा राहिला. एक पाऊल पुढे आला, उजेडात यावा तसा.

"वना," तो म्हणाला. "खुशालनं मला परीक्षेत उत्तरं सांगितली. दोन्ही वेळा. यंत्र खोटं नव्हतं. डॉक्टर खोटी नव्हती. दुसऱ्या वेळी मी त्याला विचारलं होतं, दाणा काढून जाऊ का? तो म्हणाला, राहू दे. त्याला माझ्या तोंडून बोलायचं होतं. तेव्हा दार उघडं होतं, वना. माझी चूक झाली. मला क्षमा कर."

काय बोलला म्हणून सांगू! आवाज शेवटी असा खाली आला, 'क्षमा'वर असा किंचित चिरला, की मलाही क्षणभर वाटलं, चूक त्याचीच होती. बेचाळीस गावांत त्या बापाने असं वाक्य म्हटलं नव्हतं. आणि म्हणून झाल्यावर तो थांबला. हनुवटी जराशी वर, नजर दूर. टाळीसाठी थांबतात तसा.

वहिनी त्याच्याकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे. त्यांना हे नाटकातलं वाटलं नाही. माझ्या तोंडावर सगळं लिहिलेलं असणार.

"हे खरं हाये?" त्यांनी विचारलं.

मी होय म्हणून मान हलवली.

त्या रडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाल्या, "क्षमा कोनी मांगली? यायनं का तुमी?"

"मी."

"मंग क्षमा कोन करन? माह्यापाशी ते नाई. यायचं गेलं, यायनं कराव लागन." त्या होमराजकडे वळल्या. तो अजून तसाच उभा होता, पुढच्या ओळीची वाट बघत. "जी, हा खुशाल. यानं तुमचं असं केलं. करता का तुमी याले माफ?"

होमराजने तोंड उघडलं.

एक.

दोन.

मला फक्त एक शब्द पुटपुटायचा होता. 'केलं.' त्याने तो असा म्हटला असता की मी उरलेलं आयुष्य त्याच्यावर काढलं असतं. तिसरा सेकंद आला. माझे ओठ घट्ट मिटलेले होते. चौथा गेला, पाचवा गेला. होमराजचं तोंड तसंच उघडं होतं, आणि हळूहळू त्याच्या डोळ्यांत एखादं पोर जत्रेत हात सुटल्यावर बघतं तशी भीती आली. रंगमंचावर असं त्याला मी कधीच, एकदाही सोडलं नव्हतं.

वहिनी उठल्या. त्यांनी नवऱ्याचा चेहरा हातांत घेतला, त्याच्या उजव्या कानातून दाणा काढला, पदराला पुसला आणि माझ्या तळहातावर ठेवला.

"तुमचा हाये. घेऊन जा."

"वहिनी, मग ते... तुमच्याशी..."

"नाई बोलनार. मालूम हाये मले." त्यांनी होमराजला बाजेवर बसवलं, त्याचे हात पुन्हा त्याच्या मांडीवर ठेवले. "पन रोज दोन डाव मी कोनाले उत्तर देत होती, ते आता मले माहीत झालं."

दुसऱ्या दिवशी नागपूरला जाऊन मी हे सगळं डॉक्टर गेडामसमोर ठेवलं. ती म्हणाली, लिहून द्या. म्हणून इथवरचं लिहून दिलं. वाचून तिने कागद घडी करून ठेवला आणि मला जायला सांगितलं, 'बसा' म्हणाली नाही. फाल्गुनात गाड्या पुन्हा निघाल्या. सुमित्राचा निकाल लाल आला, नकाशाही झाला; दार उघडं आहे की नाही ते मला कोणी सांगितलेलं नाही, आणि मी विचारायला गेलेलो नाही.

प्रॉम्प्टिंग सोडलं. दाणे दोन्ही डबीत आहेत. घर मात्र सोडता येत नाही, आणि भिंत तीच आहे. रोज दुपारी पलीकडून ताट ठेवल्याचा आवाज येतो. मग वनमालावहिनींचा.

"जेवता का जी?" त्या विचारतात, आणि थांबतात.

मी मोजतो. एक. दोन. तिसऱ्या सेकंदाला माझे ओठ हलतात. आवाज मी काढत नाही.